तिसऱ्या ओळीतली चूक

“गणितात बावीस,” मुलगी कुजबुजली. मोठ्याने बोलायची परवानगी अजून मिळालेली नव्हती.

तिच्या दहावीसाठी घर वर्षभर गप्प होतं. दाराची बेल काढून ठेवली होती. कुकरला शिट्टी मारायची बंदी होती, त्यामुळे सगळे अर्धकच्चं जेवत होते. आजोबांना घोरण्याच्या आरोपावरून आत्याकडे हद्दपार केलं होतं. एकदा शेजारच्या काकू डोळ्यांना रुमाल लावूनच आल्या.

“कोण गेलं हो?”

“कुणी नाही. दहावी आहे,” आई म्हणाली.

काकूंनी तरीही थोडं रडून घेतलं, पण आवाज न करता.

सगळ्यांत मोठा त्याग बाबांचा. ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. रोज संध्याकाळी घरी एकच धून घोटायचे आणि रोज तिसऱ्या ओळीत त्याच जागी घसरायचे. मग ‘च्यायला’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पोरगी लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसून गणितं सोडवायची. दहावी सुरू झाली तसं त्यांनी ट्रम्पेट दुलईत गुंडाळून कपाटावर टाकलं. रियाज सुटला, ओठ सैल पडले. बँडमास्तरांनी मुकाट्याने हातात झांजा दिल्या. हे त्यांनी घरी सांगितलं नाही. घरात तसंही कुणी काही सांगत नव्हतं.

“अगं, टाचणी पडली तरी ऐकू येईल एवढी शांतता दिली तुला,” बाबा म्हणाले.

“तीच ऐकत बसायचे ना मी. आता पडेल, मग पडेल. बाबा, तुम्ही रोज चुकायचात आणि परत वाजवायचात. मग माझंही चुकलं की मी खोडायचे, परत मांडायचे. तुम्ही वाजवणंच बंद केलंत. मला वाटलं, आता या घरात चुकायचं नाही. पेपरात हातच चालेना.”

आईने उठून खिडक्या उघडल्या. दुलई खाली काढली.

“फेरपरीक्षेला महिना आहे,” ती चक्क ओरडली. “वाजवा!”

पोरीने वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं आणि तिसऱ्या ओळीची वाट बघत बसली.

बाबांनी ट्रम्पेट ओठांना लावलं. जोर केला. फुस्स झालं. ‘च्यायला’ म्हणून पुन्हा लावलं. पुन्हा फुस्स.

चुकण्यापुरताही सूर लागेना.