नगराध्यक्षांचा खुनी

“यंदा मी खून करणार नाही,” बेकरीवाला म्हणाला आणि त्याने लाकडी सुरा मास्तरांच्या टेबलावर ठेवला.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. नाटक उद्यावर आलेलं. शंभर वर्षांपूर्वी या शहराच्या नगराध्यक्षांचा भर सभेत खून झाला होता. त्याचं नाटक दरवर्षी नगरभवनात व्हायचं आणि ते मास्तरच बसवायचे. खुनी नदीपलीकडच्या लोकांपैकी होता. म्हणून खुन्याचं काम नेहमी त्यांच्यातल्याच माणसाकडे. आधी ते बेकरीवाल्याच्या वडिलांनी केलं, मग त्याच्या गळ्यात पडलं. बिचाऱ्याचा जन्म नदीच्या अलीकडचा, बेकरीही अलीकडे. पलीकडे तर त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं.

“अरे, खून तुमच्या लोकांनी केला ना? मग खुनी तुमच्यातलाच नको का?”

“लेक यंदा शाळेत जायला लागलीय, मास्तर. उद्या पहिल्या रांगेत बसणार आहे. पोरं तिला आत्ताच खुन्याची मुलगी म्हणतात.”

मास्तरांना वाईट वाटलं. पण नाटक ते नाटक. ते नाही म्हणणार, एवढ्यात हातवारे करत शिंपी आत आला. नगराध्यक्षांचं काम त्याचं. तालमीत भाषण ठोकून ठोकून त्याचा घसा असा बसला होता, की तोंडातून नुसती हवा येत होती.

आता मास्तरांचं धाबं दणाणलं. ते लांबलचक भाषण एका दिवसात कोण पाठ करणार?

“मला येतं,” बेकरीवाला म्हणाला. “दरवर्षी सुरा घेऊन विंगेत उभा असतो. दुसरा उद्योग काय तिथं? ऐकून ऐकून पाठ झालंय.”

त्याने उभ्या उभ्या सगळं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं. शिंप्याला शाबास म्हणता येईना, म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. राहता राहिला खुनी. अख्ख्या शहरात एक माणूस तयार होईना. जो तो म्हणे, आमच्यात असलं कुणी करत नाही. शेवटी मास्तरांनी नाइलाजाने स्वतःच दाढी चिकटवली.

प्रयोग असा रंगला की विचारू नका. मास्तरांनी सुरा उगारला, तशी पहिल्या रांगेतून एक चिमुरडी बेंबीच्या देठापासून ओरडली, “बाबा, मागे बघा!” पण बाबांनी बघितलं नाही. ते कोसळले आणि सगळं सभागृह मुसमुसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पाव आणायला निघाले. कोपऱ्यावरचा पेपरवाला म्हणाला, “काय मास्तर, आज कुणाचा नंबर?” मास्तर कसनुसे हसले. बेकरीत गल्ल्याशेजारी स्टुलावर ती चिमुरडी पाय हलवत बसली होती. मास्तरांना पाहताच तिने टुणकन उडी मारली आणि वडिलांच्या मागे दडली.

“बाबा, यांना पाव देऊ नका. यांनीच नगराध्यक्षांना मारलं!”

गिऱ्हाइकं खो खो हसायला लागली. मास्तर लालबुंद झाले.

“अगं बाई, मी कशाला मारीन त्यांना? शंभर वर्षं झाली त्याला! मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो!”

बेकरीवाल्याने भट्टीतून ट्रे बाहेर ओढला. त्यातला सगळ्यात टम्म फुगलेला पाव निवडून मास्तरांच्या पिशवीत टाकला आणि हसत म्हणाला, “मीही नव्हतो, मास्तर.”