उंच सीटची गाडी

"लाल गाडी आजून एक बार चालवून बघतो," संतराम म्हणाला, तसा शोरूमचा मॅनेजर तोंड फिरवून हसला.

आखाडा बाळापूरच्या त्या शोरूममध्ये डांबरावर आणि कच्च्या वाटेवर, दोन्हीकडं चालतील अशा गाड्या दोनच. एक खाकी, जड आणि ठेंगणी. हायवेवर झक्कास पळायची, पण दगडगोट्यात शिरली की हँडल धरून धरून खांदे भरून यायचे. दुसरी लाल, हलकी, पुढचं चाक मोठं. नांगरटीतून न्या, नाल्यातून न्या, तिची तक्रार नाही. फक्त सीट इतकं उंच, की संतरामला थांबताना चवड्यावर उभं राहावं लागे.

कुरुंद्याला त्याच्या हळदीच्या रानाकडं जाणारी वाट म्हणजे चिखलच चिखल. असली गाडी त्याला खरंच हवी होती. पण म्हणून कोणी दर बाजाराला येऊन त्याच दोन गाड्या आलटून पालटून पळवतं का? शालूबाईनं एकदा नवऱ्याला विचारलं, गाडीच घ्यायची तर इतके हेलपाटे काहून? तो म्हणाला, पारखून घ्यावं लागतं. पारखायची अक्कल त्याला उशिराच आली होती, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही.

आज मॅनेजरनं बजावलं, चालवून बघायच्या दोन्ही गाड्या उद्या नांदेडला जाणार. आज काय ते ठरवा.

पण संतरामला ठरवायचं काहीच नव्हतं. लाल गाडी कधीच जिंकली होती, आणि ती वाटेमुळं नव्हे, सीटमुळं जिंकली होती.

बाळापूरहून हायवे सोडून माळावर चढलं की कच्च्या वाटेवर एक तांडा लागतो. तांड्याच्या कडेला तुराट्यांचं कुंपण घातलेलं एक घर आहे. त्या घरात त्याची एकुलती एक लेक, प्रतिक्षा राहते. खाकी गाडीवरून कुंपणापलीकडं तिचं नुसतं डोकं दिसायचं. लाल गाडीवर पायदानावर उभं राहिलं की सगळं अंगण दिसायचं. पाळणा दिसायचा. पाळण्यातलं लेकरू दिसायचं.

ते लेकरू पोरगा का पोरगी, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारणार कोणाला? प्रतिक्षानं तांड्यावरच्या प्रेमदासशी लग्न केलं, तेव्हा यानंच भरल्या घरात सांगितलं होतं, की त्या पोराचं तोंड बघणार न्हाई आणि आजपासून तुजं बी न्हाई. शालूबाईनं लग्नाचा फोटो पुढं केला, तर यानं न बघताच मोबाइल पालथा घातला. संतराम एका शब्दाचा माणूस, असं कुरुंद्यात कौतुकानं म्हणतात. त्या एका शब्दापायी शालूबाई जेवताना रडते, हे कोणाला माहीत नाही.

आपल्या जुन्या गाडीवर जायची सोय नव्हती. तिचा खडखडाट लेकीनं लहानपणापासून ऐकलेला, अर्ध्या कोसावरून ओळखला असता. परकी गाडी, डोक्यावर हेल्मेट, मग कोण ओळखतंय? पण तीच गाडी विकत घेतली, की चार दिवसांत "संतरामची लाल गाडी" म्हणून पंचक्रोशीत माहीत झाली असती. म्हणून तो हो म्हणेना आणि नाही म्हणेना.

शोरूमचा एक माणूस मागं बसवायचा नियम होता. दर खेपेला तोच एक पोरगा यायचा. खरं तर पुलापर्यंत जाऊन परत यायचं, एवढीच परवानगी. पण पहिल्या दिवशी लायसन बघताना पोरगा घटकाभर थांबला, मग स्वतःचं हेल्मेट चढवत म्हणाला, "मामा, तुमी म्हणाल तिकडून जाऊ." संतरामनं ओळखलं, गडी विक्रीच्या मागं लागलाय. तरी तो आवडला होता. मागं गप बसायचा. कुंपणापाशी गाडी हळू काहून केली, हे त्यानं कधी विचारलं नाही.

आजही दोघं निघाले. हायवे सुटला, माळ चढला, कुंपण आलं. संतराम पायदानावर उभा राहिला.

पाळणा नव्हता. दोरीवर एक कपडा नव्हता. दार लावलेलं.

गाडी पुढं गेली. कुठं गेली असंल? कायमची गेली असंल तर? लेकराला काही झालं असंल तर? इतक्या बाजारांत एकदा, फक्त एकदा गाडी थांबवली असती तर आपल्या बापाचं काय जात होतं! आयुष्यात त्याला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

त्यानं गाडी वळवली. कुंपणाच्या फाटकापाशी आणून बंद केली.

"पोरा," मागं न बघता तो म्हणाला, "जरा जाऊन बघ बरं, घरात कोणी हाय का."

"तुमीच जावा, मामा."

"मला न्हाई जाता येत. माजी लेक हाय ती."

किती दिवसांनी हा शब्द त्याच्या तोंडातून आला होता.

तेवढ्यात दार उघडलं. लेकराला कडेवर घेऊन प्रतिक्षा अंगणात आली आणि सरळ फाटकाकडं चालू लागली. संतरामनं हेल्मेटची काच खाली ओढली. ओळखलं नसंल, असं मनाशी म्हणत त्यानं स्टार्टरवर अंगठा ठेवला, पण तो दाबवेना.

ती फाटकापाशी थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही, त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "दर खेपेला बाबाला दारावरूनच माघारी काहून नेता? आज तरी आत आणा."