निनावी अहवाल

"मोठ्यानं वाच," म्हणत विजयकर सरांनी दोन छापील पानं अनुजासमोर सरकवली. "चष्मा सापडत नाहीये."

चष्मा त्यांच्या खिशातच होता.

पहिली ओळ पाहताच अनुजानं पानं ओळखली. सरांचा शोधनिबंध नाकारणाऱ्या परीक्षकाचा तो अहवाल होता. खाली नाव नव्हतं. असल्या अहवालांवर ते नसतंच. पण शब्दन्‌शब्द तिचा होता. पंधरा दिवसांपूर्वी तिनंच तो लिहून शोधपत्रिकेच्या संपादकाकडे पाठवला होता.

ती वाचू लागली. लेझरचा झोत पडत असताना अणूची स्थिती क्षणाक्षणाला कशी बदलते, हे काढायला सरांनी सोपी वाट धरली होती. समीकरणातली फार भरभर हेलकावणारी पदं सोडून द्यायची. सरासरीत ती शून्यच होतात. झोत मंद असेल तर हे चालतं. सरांनी ते प्रखर झोतालाही लावलं होतं. तिनं एकही पद न गाळता, काळाचे बारीक बारीक तुकडे पाडून सगळं संगणकावर पुन्हा मांडलं. थोड्याच वेळात दोन उत्तरांची फारकत झाली.

सरांचं नऊ वर्षांचं काम होतं ते. निवृत्तीनंतरचं शेवटचं. लालबागच्या खोलीत वही उघडायला जागा नव्हती तेव्हा अनुजा सरांच्या या गिरगावातल्या घरी, याच टेबलाशी बसून शिकली होती. विनाकारण एक पद गाळलं तरी सर वही भिरकावून द्यायचे. "टाकलंस ते गेलं कुठे?" म्हणून ओरडायचे. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती ही. पण चोराच्या मनात चांदणं! प्रत्येक ओळीला तिला वाटत होतं, सरांनी ओळखलं.

"निबंध स्वीकारू नये, अशी शिफारस." शेवटचं वाक्य वाचून तिनं पानं खाली ठेवली.

"बरोबर आहे का गं हे?" सरांनी विचारलं.

गुळमुळीत काहीतरी बोलून सुटता आलं असतं. पण या टेबलाशी तिला ते कधीच जमलं नव्हतं.

"बरोबर आहे, सर. आणि... ते मीच लिहिलंय."

सर उठून तिच्या खुर्चीमागे आले. पूर्वी अवघड गणित सुटलं की अशीच पाठीवर थाप पडायची. अनुजा डोळे मिटून थांबली.

"माहीत आहे," सर म्हणाले. "परीक्षक म्हणून संपादकाला तुझं नाव मीच सुचवलं होतं. म्हटलं, घरचीच मुलगी आहे, सांभाळून घेईल."