दुपार मोकळी हवी

“अहो, तुमच्या वयाच्या बायका जास्तीचे तास मागतात, आणि तुम्हाला अर्धाच दिवस हवाय?” बेकरीच्या मालकीण स्तानकाबाईंनी मुलाखतीत सरळच विचारलं. सगळं प्लोवदिव शहर पोटामागे धावत असताना खरं कारण सांगायला रादोस्तिनाची जीभ रेटेना.

“आई अंथरुणाला खिळलीय,” ती म्हणाली. “दुपारी भरवायला मीच लागते.”

स्तानकाबाई एकदम विरघळल्या. “मग आधी नाही का सांगायचं! माझ्या सासूचं मीही केलंय. उद्यापासून या, दुपारी खुशाल घरी जा.” त्यांनी चीजचा गरम बानित्सा कागदात गुंडाळून तिच्यापुढे धरला. “हा आईसाठी.”

“देव क्षमा करो,” दोन्ही हातांनी घेता घेता रादोस्तिना बोलून गेली.

मेलेल्या माणसाच्या नावानं कुणी खायला दिलं, की घेणाऱ्यानं म्हणायचे ते शब्द. गेल्याच शनिवारी, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत आईच्या थडग्यापाशी तिनं वाटलेला पाव घेताना शेजारणी तेच म्हणाल्या होत्या.

स्तानकाबाईंचा हात तसाच पुढे राहिला. “कधी गेल्या?” त्यांनी हळूच विचारलं.

“हिवाळ्यात.”

“मग दुपारी घरी काय करणार?”

रादोस्तिनाची मान खाली गेली. “काहीच नाही. इतकी वर्षं तिचं केलं, आता नुसतं बसायचंय.”

आईच्या नावानं खोटं बोलताना वाटली नव्हती एवढी लाज तिला हे खरं बोलताना वाटली.