काचेतले हंस

“चहाचा डाग हाय, ताई. फुटक्या काचेतनं आत गेलाय. निघायचा न्हाई,” हंसांच्या भरतकामाची फ्रेम निरखत ओतूरचा फ्रेमवाला चांगदेव म्हणाला. “धुतलं तर लाल लोकर रंग सोडंल. हंस गुलाबी व्हतील.”

“मग? उद्यापर्यंत नवं दिसलं पाहिजे.”

“कडेनं पुठ्ठ्याची चौकट लावतो, डाग झाकंल. काच पण कापडाला टेकणार न्हाई. टेकली की आत वल धरती, बुरशी येती.” त्यानं जुनी फ्रेम उलटी केली. “टांगायच्या कड्या लई वेळा बदलल्यात. बऱ्याच भिंती फिरलेत राव हे हंस.”

तेजस्विनीनं आगाऊ पैसे पुढं केले. हंस तिचे नव्हतेच. आईनं ते वारूळवाडीच्या झुंबरआत्याकडून मागून आणले होते.

उद्या सुदर्शनच्या घरचे बघायला येणार होते. मध्यस्थानं तिकडं ठोकून दिलं होतं, पोरगी भरतकामात लई हुशार. पोरीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण सुदर्शननं नारायणगावला एसटीडी बूथ टाकल्यापासून ती मैत्रिणीला फोन करायच्या निमित्तानं सारखी तिथं जायची. लग्न करायचं तर त्याच्याशीच. आणि त्याच्या घरात आईचा शब्द शेवटचा.

दुसऱ्या दिवशी त्या आईनं, जानकाबाईंनी, पोह्यांना हातही लावला नाही. सरळ भिंतीवरच्या हंसांपाशी गेल्या.

“कुणी भरलं?”

“हिनंच की,” तेजस्विनीची आई घाईनं म्हणाली.

“तिला बोलू द्या.”

“मी,” तेजस्विनी म्हणाली.

“काढ खाली. मागनं बघू दे. हात कसाय ते मागनं कळतं.”

फ्रेम उतरवली. चांगदेवनं पाठ खाकी कागद डकवून बंद केली होती. तेजस्विनीच्या जिवात जीव आला.

“कसर लागू नये म्हणून,” ती म्हणाली.

“शाणी हायेस. मग सुई-दोरा आण. एक टाका घालून दाव.”

तेजस्विनीच्या आईनं पोह्यांची बशी पुन्हा पुढं केली. सुदर्शन चपलांकडं बघायला लागला.

तेजस्विनी स्वयंपाकघरात गेली आणि नुसतीच फडताळापुढं उभी राहिली. मागोमाग जानकाबाई फ्रेम घेऊन आत आल्या. दार लोटलं.

“मावशी, खरं सांगते, मी…”

“हळू बोल.” त्यांनी फ्रेम ओट्यावर ठेवली. उजव्या कोपऱ्यात पुठ्ठ्यावर बोट टेकवलं. “हितं चहाचा डाग व्हता. झाकलास व्हय?”

 म्हणजे ही फ्रेम यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी बघितली होती. संपलं सगळं. तेजस्विनीनं होकारार्थी मान हलवली.

“बरं केलंस, पोरी.” जानकाबाईंनी पदरानं काच पुसली. “सुदर्शनचं वडील मला बघाया आले, तवा ह्याच उसन्या हंसांवर माझ्याच हातनं सांडला व्हता.”