निळ्या कागदातली साखर

दार उघडलं आणि यामनाच्या हातातलं दुधाचं भांडं हिंदकळलं. दारात हॉलंडची म्हातारी उभी होती, मागे तिचा ताडमाड मुलगा. म्हातारीच्या दोन्ही हातांत, तान्ही बाळं घ्यावीत तसे, साखरेचे दोन सुळके होते. हातभर उंच, निळ्या कागदात गुंडाळलेले, वर लाल फीतसुद्धा.

पाहुण्यांना बोलावलं होतं यामनाच्या मुलीने, तौदाने. ती सफ्रू गावातल्या बसस्थानकाजवळ एका हॉटेलात कामाला, आणि ही मायलेकरं तिथेच उतरलेली. शुक्रवार आहे, घरी कुसकुस खायला या, म्हणाली. एवढंच. मग ही साखर कशाची? यामनाला काही सुधरेना. साखरेचा सुळका कुणाकडे असा नुसता जात नाही. घरात कुणी गेलं तर जातो, बारसं असलं तर जातो, कुणी हज करून आलं तर जातो. इथे सगळी धडधाकट, पाळणा रिकामा, आणि यामनाचा नवरा मिमून मक्केला जायचं म्हणता म्हणता म्हातारा झालेला. मग उरलं कोण? उरली तौदा. पस्तिशी उलटलेली, बिनलग्नाची.

मागणी घालायची तर मुलगा आईला घेऊन येतो, आई साखर घेऊन येते. रीत अगदी बरोबर होती. माणसंच भलती होती.

समोरच्या बतूलने खिडकीतून सगळं पाहिलं. ती दिवसभर दुसरं करते काय म्हणा.

पाहुण्यांना दूध-खजूर देऊन यामनाने लेकीला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "हे काय आहे गं?"

"मला काय माहीत?"

"तुला नाही तर कुणाला? भाषा तुला येते त्यांची."

"आई, ती दारात आली तेव्हाच मीही बघितली साखर. तुझ्यासारखीच."

यामनाचं लक्ष तिच्या कानांकडे गेलं. ईदचे डूल होते कानात. दार वाजलं तेव्हा नव्हते. 

तेवढ्यात मिमून आत डोकावला. "तो कलमा पढेल का, ते आधी विचारा. नाहीतर साखर परत."

"आधी जेवू तर द्या त्याला," यामना म्हणाली.

वाफवलेला कुसकुसचा रवा, कडेने भाज्या, मध्ये मटण, अशा एकाच परातीभोवती सगळे बसले. मुलाने चमचा घेतला आणि आपल्या पुढ्यातलं सोडून खुशाल मधोमध खणायला लागला, मग मिमूनच्या बाजूचा भोपळाही उचलला. एरवी मिमूनने घरच्या पोराचा हात धरला असता. आज तो म्हणाला, "खाऊ दे, खाऊ दे." यामनाने मधलं मटण बोटांनी तोडून मुलाच्या पुढ्यात सारलं. म्हातारी सगळ्यांकडे बघून हसत होती. विहीण अशी हसते का, हे यामनाला ठरवता येईना.

मग चहाचं तबक आलं. म्हातारीने सुळक्याकडे बोट दाखवलं, मूठ वर-खाली केली आणि फोटोसाठी फोन सरसावला. साखर फोडताना तिला बघायचं होतं.

यामनाचा हात किटलीवरच थांबला. मुलीसाठी आलेली साखर होकार दिल्याशिवाय कुणी फोडत नाही. हातोडी पडली की होकार झाला.

"विचार तिला," ती तौदाला म्हणाली.

"पाहुण्याला कुणी विचारतं का, कशाला आणलंत म्हणून?"

"आज विचार."

तौदाने विचारलं. विचारताना ती म्हातारीकडे बघत नव्हती, तबकातल्या पेल्यांकडे बघत होती. म्हातारी बराच वेळ बोलली. हसली, बाजाराकडे हात केला, मुलाच्या गुडघ्यावर थाप मारली. यामनाला त्यातलं अक्षर कळलं नाही, म्हणून ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. तौदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाजारात तिने एकाला विचारलं, इथे कुणाच्या घरी जाताना काय नेतात. तो म्हणाला, साखर. एक सुळका बरा दिसणार नाही म्हणून तिने दोन घेतले."

"आणि मुलगा?" मिमूनने विचारलं.

"मुलगा साखर खात नाही, बाबा."

जिच्यासाठी साखर येते ती स्वतः कधी हातोडीला हात लावत नाही. तौदाने एका सुळक्याची फीत सोडली, कागद सोलला, कोपऱ्यातली पितळी हातोडी घेतली आणि असा घाव घातला की खडे पार दारापर्यंत उडाले. मग दुसरा घाव, मग तिसरा. चहाला एवढी साखर लागत नाही. म्हातारीने खूश होऊन टाळ्या वाजवल्या. समोरच्या खिडकीची फळी करकरली.

पाहुणे गेल्यावर यामना खडे वेचत म्हणाली, "आता बतूलला काय सांगू मी?"

"सांग, साखर होती, चहात घातली." तौदा आरशापुढे डूल काढत होती. एक निघाला, दुसऱ्याची कडी अडकली होती.

यामनाने उरलेला सुळका उचलला. त्याची लाल फीत नीट केली, पेटी उघडली आणि तळाशी, लेकीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या रेशमी कापडाखाली तो आडवा ठेवला.

आरशातून तौदाने ते पाहिलं. "तो कशाला ठेवतेस, आई? उद्या चहाला लागेल."

"असू दे," यामना पेटीचं झाकण लावत म्हणाली. "साखर काही नासत नाही."