कॅरेटातलं संत्र
वरूडच्या आमच्या शाळेत खिडकीतून संत्र्याचा वास आला का पोट्टे बसल्या बसल्या सपनात जातात. अशाच एका दुपारी मी इंग्रजीतले कर्ता-कर्म शिकवून राहिलो होतो. "आपल्या घरचं एखादं वाक्य सांगा," मी म्हटलं. करिश्मा बोलली, "सर, आमच्या घरी कोनी बोलतच नाई. संत्र्याच्या तोडीपायी बाबानं आईले दिवाळीत माहेरी जाऊ देल्लं नाई. तवापासून दोघायचा अबोला. सारे निरोप मलेच पोचवा लागतात." माह्या डोक्यात खोडी आली. फळ्यावर लिहिलं, "फादर गिव्ज ॲन ऑरेंज टू मदर." म्हटलं, "हा तुहा अभ्यास. लिहून नाई, घरी करून घ्यायचा. बाबाले सांग, नाई केला तं सर सोता शिकवाले येतील." बागवाल्यायची रीत मले ठाऊक होती. चांगलं संत्र कॅरेटात, म्हंजे पेटीत भरून बाजारात जाते, घरचे गळलेलंच खातात. दुसऱ्या दिवशी करिश्माच्या बोटायले सालीचा वास येत होता. "कर्ता कोन?" "बाबा." "कर्म?" "संत्र." "गळलेलं?" "नाई सर, कॅरेटातलं, सगळ्यात मोठं! बाबानं ते आईपुढं धरलं. आईनं सोलून एक फोड खाल्ली. मंग बाबा म्हने, 'गोड हाय का?' आई म्हने, 'आंबट हाय, खाऊन पाहा,' अन् अर्धं बाबाले देल्लं. मंग अंधार पडेपर्यंत दोघं ओट्यावर बसले." करिश्मा हळूच हसली. "सर, मले बी एक फोड भेटली. संत्र तं साखर होतं."